पिवळ्या दिव्यांची रीत

कुरुंद्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या विश्वंभररावांना एक जुना आजार होता, आणि त्याचं नाव 'काहून'. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास माणसाला चाळिशीनंतर गाठतो. यांना हा पाळण्यातच गाठून बसला होता. मुंग्या रांगेतच काहून चालतात, पोळी तव्यावर काहून फुगते, असं ते दिसेल त्याला विचारत. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यांनी भटजींना, अंतरपाट मधे काहून धरतात, असं विचारलं होतं. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंना आपल्या ताटात काय वाढून ठेवलंय ते तेव्हाच कळलं. शाळेतली पोरं त्यांना पाठीमागे 'काहून सर' म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं. पोरं असं काहून म्हणतात, एवढं मात्र त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

असल्या माणसानं जुनी गाडी घेऊ नये. विश्वंभररावांनी घेतली. पांढरी, चालायला बरी, पण दोन्ही हेडलाइट असे पिवळट आणि गढूळ झालेले की मोतीबिंदू पिकलेल्या म्हाताऱ्यानं आपल्याकडे टक लावून पाहावं. दिवसा त्यानं काही अडत नसे. अडलं ते एका दिवेलागणीला, वसमतहून घरी येताना.

रस्त्यावर पुढं कडब्याची बैलगाडी चालली होती. ती आधी दिसली मनकर्णाबाईंना. त्या ओरडल्या, विश्वंभररावांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली तेव्हा कडब्याची ताटं काचेवर येऊन टेकली होती. बैलगाडीवाला खाली उतरला, दिव्यांत डोकावून पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "सर, गाडीला चष्मा लावून घ्या."

"तुझ्या गाडीला मागं लाल पट्टी न्हाई, रिफ्लेक्टर न्हाई," विश्वंभरराव म्हणाले. "नियमानं चूक तुझी हाय."

"नियम बैलाला सांगा. तो मोकळा हाय आत्ता."

घरी पोचल्यावर मनकर्णाबाईंनी दारात चप्पल काढली आणि मग म्हणाल्या, "दिवे नीट होईस्तोर दिवेलागणीनंतर या गाडीत मी बसणार न्हाई. सांगून ठेवते."

एरवी ही गोष्ट इथंच मिटली असती. पण पुढच्याच शनिवारी संध्याकाळी हट्ट्याला शिवकन्येची हळद होती. शिवकन्या म्हणजे मनकर्णाबाईंच्या भावाची, उत्तमरावांची लेक. त्या घराण्यात नवरीला लावायची हळद आत्याच्या घरून यायची असते, आणि आत्या कुरुंद्याची. म्हणजे हळदीच्या पंढरीतूनच ती जायची! शनिवारी दुपारपर्यंत विश्वंभररावांना शाळेत परीक्षेचं काम, म्हणजे पोचायला अंधार होण्याचा धोका. बातमी हट्ट्याला कशी पोचली देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी उत्तमरावांचा फोन आला.

"दाजी, तुमच्या गाडीला रातांधळेपणा आला म्हणं. जीप धाडू का आक्काला न्यायला?"

उत्तमरावांची जीप साऱ्या वसमत तालुक्याला ठाऊक होती. तिच्या कपाळावर दिव्यांची एक रांग, खाली दुसरी रांग. बायको त्या जीपमध्ये मिरवत पुढं, आणि आपण मागून मोटारसायकलवर धूळ खात, असं चित्र विश्वंभररावांच्या डोळ्यांपुढं आलं. "काही गरज न्हाई," ते म्हणाले. "आमच्याच गाडीत येऊन राहिलो आमी." सासुरवाडीला दिलेला शब्द होता तो. मागं फिरायची सोय उरली नाही.

नवे दिवे बसवायचे, तर ते नांदेडहून यायला सोमवार उजाडणार होता. म्हणून जुनेच उजळायचे ठरले. विश्वंभररावांच्या दृष्टीनं त्याआधी एक काम होतं: दिवे पिवळे काहून पडतात? शोध घेता कळलं की दिव्यावर काच नसतेच, प्लास्टिक असतं. त्यावर कारखान्यात एक पातळ लेप देतात. ऊन वर्षानुवर्षं तो लेप खातं, आणि लेप गेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की दिवे अजून तसेच आहेत हे ते दोन तास विसरून गेले.

शेजारी संतराम राहत. एसटीत ड्रायव्हर म्हणून अख्खी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे फक्त सल्ले उरले होते आणि ते कुणी मागत नव्हतं. ते कुंपणावरून म्हणाले, "सर, टूथपेस्ट लावा. दाताचं किटण जातं, मग दिव्याचं काहून जाणार न्हाई?"

हा प्रश्न विश्वंभररावांच्या काळजाला भिडला. पण शास्त्रात तुलना हवी. म्हणून त्यांनी डाव्या दिव्याला टूथपेस्ट लावली आणि उजव्याला चुलीची राख. मनकर्णाबाई ओट्यावरून पाहत होत्या. "तिसरा दिवा असता तर त्याला काहीच लावलं नसतं," विश्वंभररावांनी त्यांना समजावलं. "तुलनेला."

"तिसरा मी हाय ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

डावा दिवा लखलखला. उजवा राखेनं करडा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी बाजारातून गेली तेव्हा चहाच्या टपरीवरच्या माणसांनी, सरांची गाडी कुणाला डोळा मारून राहिली, अशी चौकशी केली. आणि चैत्राचं ऊन एक दिवस पिऊन डावा दिवाही पुन्हा धुरकटला. लेपच नाही, तर टिकणार काय?

"मग बल्ब बदला," संतराम म्हणाले. "आताचे ते पांढरेफेक मिळतात ना."

वसमतहून पांढरेफेक बल्ब आणून बसवले. आता भलताच प्रकार झाला. गढूळ प्लास्टिकमधून तो झगझगीत उजेड वाट फुटेल तिकडं पसरला. समोरच्याला आंधळं करी आणि आपल्याला रस्त्यावरचं काही दाखवीना. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे उघडझाप करून, हॉर्न वाजवून, शेवटी खिडकीतून तोंड काढून आपलं मत सांगून जाई. विश्वंभररावांना शिव्यांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. किती उजेड म्हणजे फार उजेड? हे कुठंतरी ठरलेलं असणारच.

शाळेच्या कामानं हिंगोलीला जाणं झालं तेव्हा ते गाड्यांच्या हापिसात शिरले. खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "नोटीस आली का?"

"न्हाई."

"लायसन काढायचं?"

"ते हाय."

"गाडी नावावर करायची?"

"झाली."

आता बाबूनं मान वर केली. "मग काहून आले?"

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उलटा फिरून विश्वंभररावांच्या अंगावर आला. ते जरा चाचरले. "दिव्याचा नियम काय हाय, ते जाणून घ्यायचं होतं."

बाबूनं शेजारच्या बाबूला हाक मारली. दोघांनी मिळून विश्वंभररावांकडे पाहिलं. नुसतं जाणून घ्यायला आलेला माणूस कोणत्या खिडकीला पाठवायचा हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. विश्वंभरराव एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून पुन्हा पहिल्या खिडकीला गेले आणि शेवटी एका साहेबांपुढं उभे राहिले. साहेब मात्र हरखले. इतक्या वर्षांच्या नोकरीत नियम मोडलेले पुष्कळ लोक त्यांच्याकडे आले होते, नियम विचारायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. सूर्य मावळून अर्धा तास झाला की दिवे लागलेच पाहिजेत. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे उजेड खाली घ्यायचा. पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही. आणि डिपरवर असताना दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपता कामा नये.

"दीडच काहून?" विश्वंभररावांनी विचारलं.

साहेबांचा कप हवेतच राहिला. त्यांनी बराच विचार केला आणि मग त्यांना एक मीटिंग आठवली.

आता मोजून पाहणं आलंच. दिवे लागायच्या वेळेला शाळेच्या मैदानात गाडी उभी केली, दोरीनं आठ मीटर मोजले आणि तिथं संतरामांना उभं केलं. संतराम ताडमाड. त्यांचा डोळा दीड मीटरवर आणायला त्यांना गुडघ्यात वाकून उभं राहावं लागलं. खुर्चीवर बसायला जावं आणि कुणीतरी खालून खुर्ची काढून घ्यावी, अशी त्यांची अवस्था होती.

"लवकर करा सर, गुडघे बोलून राहिले!"

विश्वंभररावांनी दिवे लावले. "काय दिसतं?"

"निस्तं पांढरं! यमाचं बोलावणं आलं वाटतं!" असं म्हणून संतराम डोळ्यांवर हात धरून मागं सरले, आणि मागं होता लांब उडीचा खड्डा. या वयात त्यांनी मारलेली ती उडी शाळेच्या कोणत्याही पोराला लाजवील अशी होती. पाय मुरगळला. मनकर्णाबाईंनी हळदीचा गरम लेप लावून तो बांधला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आठ काय, ऐंशी मीटरवरूनही ती दिपवून गेली असती. पांढरे बल्ब निघाले, जुने परत बसले.

गुरुवारी मनकर्णाबाई नवरीसाठी निवडलेली हळद घेऊन वसरामच्या खळ्यावर गेल्या. पिशवी धरायला विश्वंभरराव बरोबर होते. वसरामकडं हळद पॉलिश करायचा मोठा लोखंडी ड्रम होता. शिजवून वाळवलेली खडबडीत, मातकट हळकुंडं त्यात टाकायची, मोटार लावून ड्रम गरगर फिरवायचा, आणि बाहेर काढली की सोन्यासारखी.

"चमकते काहून, वसराम?"

"एकमेकीला घासून घासून, सर. वरचं साल जातं, आतलं निघतं."

वरचं साल जातं, आतलं निघतं! विश्वंभररावांना पुढचं काही ऐकू आलं नाही. दिव्याचंही वरचं सालच तर घालवायचं होतं. ते घरी धावत गेले आणि दोन्ही दिवे खोलून, मागची बाजू गोणपाटात सुतळीनं बांधून, घेऊन आले. मनकर्णाबाई तोवर हळद दळायला गेल्या होत्या. त्या तिथं असत्या तर ही गोष्ट झाली नसती.

"ड्रमात आजवर हळदीबिगर काय टाकलं न्हाई, सर," वसराम म्हणाला.

"काहून न्हाई टाकलं?"

बिचाऱ्यानं मोटार चालू केली.

दिवे बाहेर आले ते खरोखर गुळगुळीत होते. आणि रंगानं अस्सल कुरुंद्याची हळद! बारीक बारीक ओरखड्यांत पिवळी भुकटी अशी बसली होती की बोटानं निघेना. विश्वंभररावांनी कपड्याचा साबण लावून घासलं, तर दिवे लालभडक झाले. हळदीला साबण लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे ते दरवर्षी सातवीच्या वर्गाला करून दाखवत. आज ते स्वतःच विसरले होते. पुढच्या बाजूला लाल दिवा! नियमाचा साक्षात भंग! त्यांनी पळत जाऊन लिंबं आणली, पिळली, आणि दिवे पुन्हा पिवळे झाले. याहून पांढरे व्हायला मात्र ते तयार नव्हते. त्यात एका दिव्याचा बसवायचा कान मोडलेला आणि दुसऱ्याचा खिळखिळा. दोन्ही तारेनं बांधून बसवले. एक दिवा आता झाडांचे शेंडे पाही आणि दुसरा रस्त्याकडेची नाली.

मनकर्णाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "शनिवारी उजेडात पोचवता का, तेवढं पाहा."

शनिवारी ते शाळेतून निघाले तेच उशिरा. मनकर्णाबाई हळदीचा पितळी डबा मांडीवर घेऊन बसल्या. वसमत ओलांडलं आणि पुढं रस्ताभर मेंढ्यांचा कळप. मेंढरांना हॉर्न कळत नाही, नियमही कळत नाही. ती वाट देईपर्यंत सूर्य शेतांच्या कडेला टेकला, आणि हट्ट्याच्या अलीकडे गावात वळणाऱ्या रस्त्यावर आले तोवर बुडालाही.

"दिवेलागण झाली," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नियमानं अजून अर्धा तास हाय."

"माझ्या डोळ्याला नियम दिसून न्हाई राहिला. थांबवा."

त्या डबा घेऊन उतरल्या. बोलल्या होत्या ते खरं करणारी बाई. विश्वंभररावांनी दिवे लावून पाहिले. एका दिव्यानं कडुलिंबाचा शेंडा पिवळाधमक उजळला; तिथं नुकतेच निजलेले बगळे कलकलाट करत उठले. दुसऱ्यानं नालीतला एक बेडूक दाखवला. रस्ता मधल्या मधे अंधारात.

विश्वंभररावही खाली उतरले. लांबून मांडवातली वाजंत्री ऐकू येत होती. त्यांनी खिशातून फोन काढला. "चुकलं माझं, मनकर्णा. लेकरू तिकडं हळदीला बसून राहिलं. उत्तमरावांना फोन लावतो. जीप येऊ दे."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चूक कबूल करताना त्यांनी या माणसाला आजवर ऐकलं नव्हतं. चूक काहून झाली हे सांगताना पुष्कळदा ऐकलं होतं.

"ठेवा तो फोन," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरात तुमाला जीपच्या मागं आणू व्हय? गाव इथंच हाय. मी पुढं चालते, तुमी मागून हळू या."

"पण रस्ता दिसत न्हाई ना."

"मी दिसते ना? मग बस झालं."

डबा डोक्यावर घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध चालू लागल्या. मागून विश्वंभरराव, पहिल्या गिअरवर, नजर बायकोच्या पाठीवर ठेवून. बैलाच्या चालीनं गाडी गावात शिरली. पोरंटोरं गोळा झाली, कुत्री मागं लागली, आणि मांडवातल्या वाजंत्रीवाल्यांना वाटलं काहीतरी मानाचं येऊन राहिलं. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली.

मांडवाच्या तोंडाशी जीप उभी होती, सगळे दिवे लावून. बाजूला उत्तमराव. त्यांनी गाडीला पुढून न्याहाळलं, ओठांवर हसू आलं, आणि साऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दाजी, दिवे पिवळे काहून?"

विश्वंभररावांकडं उत्तर तयार होतं. ऊन, प्लास्टिक, लेप, ड्रम, सगळं क्रमवार. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याआधी मनकर्णाबाई बोलल्या.

"हळद लावलीय त्याला. नवरीची हळद आणणाऱ्या गाडीला आधी लावायची असती. आमच्या कुरुंद्याची रीत हाय. आत्या पुढं चालती आन गाडी मागून येती."

"आन एक दिवा वर, एक खाली?" उत्तमराव सोडायला तयार नव्हते.

"वर देव, खाली धरती. दोघांना दाखवल्याबिगर हळद लावतेत व्हय? इसरलास सगळं, जीप घेतल्यापून."

कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीनं मान डोलावली. "व्हय व्हय. आमच्या येळेला बैलाच्या शिंगाला लावायचे." झालं! म्हातारीची साक्ष पडली, मग पुरावा कशाला? बायका उठल्या. मांडवासमोर उभ्या असलेल्या गाड्या एकीकडून दुसरीकडं हळदीनं माखत चालल्या. उत्तमरावांच्या जीपला दिवे जास्त, म्हणून हळद जास्त लागली. "आवं, वरच्याला नका! वरचे नवे हायेत!" ते ओरडत होते, आणि शिवकन्या पाटावरून हसून हसून डोळे पुसत होती. त्या रात्री वेशीबाहेर एकही गाडी गेली नाही, कारण कोणत्याच गाडीला दिसत नव्हतं. उत्तमरावांनी दाजींना स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं.

सोमवारी नांदेडहून नवे दिवे आले. विश्वंभररावांनी ते बसवले, मैदानात आठ मीटरवर खुर्ची मांडून स्वतः बसून तपासले, आणि गोष्ट विसरून गेले.

पुढच्या लग्नसराईत ते दोघं औंढ्याकडून परत येत होते. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. समोरून एक बाई डोक्यावर डबा घेऊन चालत येत होती आणि तिच्यामागं मुंगीच्या चालीनं एक मोठी गाडी. गाडीच्या दोन्ही दिव्यांवर हळद थापलेली. विश्वंभरराव खाली उतरले आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"दिवे पुसून घ्या, दादा. अंधार पडला. नियमात बसत न्हाई हे."

"न्हाई पुसता येत. रीत हाय ती."

"रीत? काहून?"

"काहून म्हंजे?" ड्रायव्हर त्यांच्याकडं दयेनं पाहत म्हणाला. "वर देव, खाली धरती. वाडवडलांपासून चालत आलंय. तुमी शिकलेले दिसता, पण तुमाला कायच ठाव न्हाई."

विश्वंभरराव गाडीत येऊन बसले. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या पलीकडच्या खिडकीतून शेतं पाहत होत्या, अंधारात न दिसणारी. विश्वंभररावांनी डिपर दिला, गाडी कडेला घेतली आणि आत्याबाईंना आधी जाऊ दिलं.